शेवटच्या खांबावरचे व्होल्टेज : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वीज वाचवणाऱ्या उपकरणांवरील माझ्या मागील लेखाखाली आपण गुहागरहून लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण आपल्या एका आक्षेपावर काही लिहिण्यापूर्वी मला घरातला बंद पडलेला पंखा उतरवून, उघडून पाहणे भाग होते.

ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणातल्या घरांनी साध्या पंख्यांऐवजी बीएलडीसी पंखे (म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणाऱ्या, कमी वीज घेणाऱ्या मोटरचे), एलईडी दिवे आणि जास्त तारे असलेला फ्रिज घ्यावा, असे मी त्यात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, जयगडला १२०० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प चालू असताना वाडीवरच्या माणसाला पंखा बदलायला सांगणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिवाय वाचलेली वीज लोक दुसरीकडे उडवतातच. आपण घेतलेल्या चार बीएलडीसी पंख्यांपैकी दोन दुसऱ्याच पावसाळ्यात बंद पडले. आणि शेवटचा आक्षेप असा की, हल्ली आंबा बुडाला की हवामान बदलाचे नाव पुढे करतात, पण आपल्या वडिलांच्या काळीही आंबा बुडतच असे.

पहिल्या आक्षेपाचा हिशेब मी मांडून पाहिला आणि तो आपल्याच बाजूने निघाला. साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट घेतो आणि बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. दिवसाचे बारा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस पंखा चालतो असे धरले (आपल्या दमट हवेत हे फार नाही), तर वर्षाला १६२ युनिटे वाचतात. रत्नागिरी जिल्ह्यात असे एक लाख पंखे बदलले तर १ कोटी ६२ लाख युनिटे वाचतील. जयगडचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने तासाला १२ लाख युनिटे वीज तयार करतो. म्हणजे एक लाख पंख्यांनी वर्षभर केलेली बचत त्या प्रकल्पाच्या साडेतेरा तासांची. तारांमधली गळती पंधरा टक्के धरली तर सोळा तासांची म्हणा. एवढ्याने अरबी समुद्र थंड होणार नाही, आणि लेखात मी तसा सूर लावला असेन तर तो चुकलाच.

पण त्याच पंख्यांचा हिशेब प्रकल्पाऐवजी वाडीच्या डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी उभे राहून केला तर आकडे वेगळे बोलतात. ६३ केव्हीएच्या एका डीपीवर ऐंशी घरे आहेत, घरटी तीन पंखे आहेत आणि मे महिन्याच्या रात्री ते सगळे चालू आहेत असे धरा. पंख्यामागे ४५ वॅट वाचले तर त्या डीपीवरचा जवळजवळ ११ किलोवॅट भार उतरतो, म्हणजे तिच्या क्षमतेचा सुमारे सहावा हिस्सा. आपल्याकडे घरे विखुरलेली असतात आणि लाइन डोंगर उतरून, वहाळ ओलांडून लांबवर जाते, त्यामुळे शेवटच्या खांबावरच्या घरात संध्याकाळी सातनंतर १७०-१८० व्होल्ट मिळणे ही नवलाची गोष्ट नाही. तिथे फ्रिज नुसता घुरघुरतो आणि नळपाणी योजनेचा पंप उचलतच नाही. भार उतरला की पहिला फायदा या शेवटच्या घराला होतो. लेखात मी कार्बनच्या किलोंवर भर दिला आणि ही गोष्ट एका वाक्यात उरकली. क्रम उलटा हवा होता.

आता पंख्यांकडे येतो. आपला हा आक्षेप मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

माझ्याही घरचा एक पंखा गेल्या जूनमध्ये, पहिल्याच गडगडाटी पावसात बंद पडला. तो मी या आठवड्यात उघडला. आतल्या कार्डावर सोल्डरच्या कडेकडेने हिरवट बुरशीसारखा थर चढला होता. ती अर्थातच बुरशी नव्हती, खाऱ्या हवेने तांब्यावर आणलेला गंज होता. वीज जिथून आत येते तिथे निळ्या गोळीसारखा एक भाग असतो, ज्याला आम्ही एमओव्ही म्हणतो. तो मधोमध फुटून काळा पडला होता. व्होल्टेजचा झटका स्वतःवर घेऊन पुढचे कार्ड वाचवणे हेच त्याचे काम, पण झटका क्षणभराचा असेल तरच ते त्याला झेपते. आपल्याकडे पावसाळ्यात बहुधा घडते ते निराळे. फांदी पडते, लाइनची न्यूट्रल तुटते आणि घरात २३०च्या जागी ३५०-४०० व्होल्ट मिनिट-दोन मिनिटे येत राहतात. त्यापुढे ही गोळी टिकत नाही, आणि तिच्यामागे कार्डही जाते.

साध्या पंख्याचे असे नाही. तो मंद झाला तर बाजारातला कोणताही वायरमन पन्नास-साठ रुपयांचा कंडेन्सर बदलून देतो आणि जळला तर रिवाइंडिंग होते. बीएलडीसी पंख्याचे कार्ड मात्र त्या त्या कंपनीचेच लागते, सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि "हा पंखा इथे दुरुस्त होत नाही" हे वाक्य आपण ऐकले तसे मीही ऐकले आहे. पैशांत पाहा. युनिटला सात रुपये धरले तर वर्षाला ११३४ रुपये वाचतात, दोन वर्षांत २२६८. पंख्यासाठी जास्तीचे १२०० मोजले आणि नव्या कार्डाला ९०० गेले, तर हातात १६८ रुपये उरतात. ते एसटीच्या तिकिटाला पुरले तर पुरले.

तरीही पंखे परत साध्यावर न्यावेत असे मी म्हणणार नाही. एलईडी दिव्यांची गोष्ट आठवा. जानेवारी २०१५मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी घाऊक खरेदीत २०१४च्या सुरुवातीला जो दिवा ३१० रुपयांना पडत होता तो २०१६पर्यंत ३८ रुपयांवर आला. त्या दिव्यांतही कार्डच होते आणि सुरुवातीला तेही टाकूनच द्यावे लागत. आज तालुक्याच्या बाजारात वीस-पंचवीस रुपयांत एलईडी बल्ब दुरुस्त करून देणारा माणूस सापडतो. छताच्या पंख्यांना तारांकन (स्टार रेटिंग) सक्तीचे झाले जानेवारी २०२३मध्ये. त्यांची दुरुस्ती अजून बाजारापर्यंत उतरलेली नाही आणि ती उतरेपर्यंत किनाऱ्यावरच्या माणसाने काही काळजी स्वतःच घ्यायला हवी. मीटरच्या पुढे जादा व्होल्टेजला लाइन तोडणारा रिले बसवावा, कारण नुसता सर्ज प्रोटेक्टर तुटलेल्या न्यूट्रलपुढे हतबल असतो. अर्थिंगचाही प्रश्न आहेच. आपली जमीन जांभ्याची, एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडी होणारी, त्यामुळे कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यातही पाणी घातल्याशिवाय अर्थिंग लागत नाही. आमचे जुने वायरमन पहिल्या वळिवाआधी तुळशीबरोबर अर्थिंगच्या खड्ड्यातही तांब्याभर पाणी घालायला सांगत. आम्ही तेव्हा हसत असू. माझ्या घरचा पंखा गेला त्या वर्षी खड्ड्यात पाणी घातलेले नव्हते. ते घातले असते तरी पंखा वाचलाच असता असे नाही, पण मला बोलायला तोंड राहिले असते.

वाचलेली वीज दुसरीकडे खर्च होते, हा आपला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. इंग्लंडमध्ये अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी १८६५मध्ये कोळशाबद्दल हेच मांडले होते, की वाफेची इंजिने काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी लागला नाही, उलट इंजिने वाढली आणि कोळसा अधिक लागला. पण एका पंख्याच्या विजेत दोन पंखे चालतात म्हणून माजघरातल्या म्हाताऱ्या आईच्या डोक्यावरही पंखा आला, तर त्याला मी उधळपट्टी म्हणणार नाही. खरी उधळपट्टी छपरात आहे. चिऱ्याच्या भिंती, कौले आणि पडवी असलेले घर पाडून उघड्या स्लॅबचे घर बांधले की दुपारी तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खोलीत उष्णता सोडतो आणि मग एसी येतो, जो चालू असताना तीस-चाळीस बीएलडीसी पंख्यांइतकी वीज खातो. गळतीच्या भीतीने लोक स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात. तिच्या बाजू मोकळ्या ठेवल्या तर खोलीही थंड राहते, हा त्या गळतीचा आपल्यावर झालेला एकमेव उपकार.

आणि आपण न काढलेला, पण काढायला हवा होता असा एक मुद्दा मीच काढतो. मी लेख घरापुरता लिहिला, आणि कोकणच्या किनाऱ्यावर विजेची मोठी गळती घरात नाहीच. ती मिरकरवाडा, हर्णे, नाटे अशा बंदरांच्या मागे असलेल्या बर्फाच्या कारखान्यांत आहे. २८ अंशांच्या एक टन पाण्याचा बर्फ करायचा तर सुमारे १२५ युनिटांएवढी उष्णता बाहेर काढावी लागते. जुना कॉम्प्रेसर एका युनिट विजेत दोनेक युनिटे उष्णता उपसतो, म्हणून टनाला साठ-पासष्ट युनिटे वीज जाते. रोज वीस टन लाद्या काढणारा कारखाना दिवसाला १३०० युनिटे घेतो. एनर्जी ऑडिटच्या निमित्ताने अशा कारखान्यांत मी गेलो आहे. उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्यांत क्षारांचा थर, मिठाच्या पाण्याच्या टाकीवरची लाकडी झाकणे कुजलेली, आणि पाणी गरजेपेक्षा चार-पाच अंश जास्त थंड ठेवलेले, असे चित्र एकदा नव्हे, अनेकदा पाहिले. हे नीट केले आणि १५ टक्के वीज वाचली तर ती होते दिवसाला १९५ युनिटे. एका पंख्याची वर्षभराची बचत एका दिवसात मागे पडते. बोटीतल्या खणाचे थर्माकोल पाणी पिऊन निकामी झालेले असते, त्यामुळे बर्फ समुद्रातच वितळतो आणि पुढच्या फेरीला जास्त लाद्या न्याव्या लागतात, ते वेगळेच.

राहिला आंबा. आपण बागायतदार आहात, त्यामुळे ऑक्टोबरात पाऊस लांबला की मोहोराऐवजी पालवी फुटते आणि रात्री पुरेशा थंड झाल्या नाहीत की हापूस अडून बसतो, हे मी आपल्याला सांगायचे नाही. एखाद्या वर्षीच्या बुडीत पिकाला हवामान बदल जबाबदार धरता येत नाही, हे आपले म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. माझा भर एका हंगामावर नसून अनेक वर्षांच्या नोंदींवर आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील, म्हणजे आयआयटीएममधील संशोधकांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २०००च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढली आणि त्याच काळात बंगालच्या उपसागरातली ८ टक्क्यांनी घटली. अरबी समुद्रात मुळात वादळे कमी, त्यामुळे टक्केवारी फुगून दिसते, ही सूट द्यायलाच हवी. तरीही ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला आलेले निसर्ग आणि पुढच्याच मे महिन्यात किनाऱ्याला घासून गेलेले तौक्ते आपण दोघांनीही पाहिले. निसर्गनंतर मंडणगड-दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. आडव्या झालेल्या त्या लाइनींच्या टोकालाच वर म्हटलेली शेवटच्या खांबावरची घरे होती.

मूळ लेखात बर्फ कारखान्यांचा आणि व्होल्टेजचा भाग मी या आठवड्यात घालणार आहे आणि पंख्यांच्या शिफारशीखाली रिले व अर्थिंगची अट लिहिणार आहे. आपले दोन पंखे भंगारात गेले नसतील तर त्यांची कार्डे कृपया जपून ठेवावीत. गणपतीनंतर माझे शृंगारतळीला येणे आहे, तेव्हा ती उघडून पाहू. दोन्हींत तीच निळी गोळी फुटलेली निघाली तर दोष कंपनीचा कमी आणि लाइनीचा अधिक, आणि नुसताच हिरवा थर निघाला तर उलट.