‘तीन आठवडे नुसतं डोलायला लावलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

वेळ काढून सविस्तर लिहिलंत, आभार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: कपोएरा या ब्राझीलच्या मार्शल आर्टच्या नवशिक्यांच्या बॅचला महिन्याची फी भरली, पण तीन आठवडे डोलणं, टाळ्या आणि पोर्तुगीज गाणी यापलीकडे काही झालं नाही. एकही किक शिकवली नाही, बॅकफ्लिपला तर सरळ नकार दिला. हा नाच आहे, मार्शल आर्ट नव्हे. चौकशीला येणारे बरेच जण हेच विचारतात, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं इथेच उत्तर देतोय.

ज्याला तुम्ही डोलणं म्हणता ती जिंगा, म्हणजे एकेक पाय आळीपाळीने मागे नेत राहायची मूळ हालचाल. कपोएरात वार, बचाव, हूल सगळं तिच्यातूनच निघतं, त्यामुळे ती कच्ची राहिली तर पुढचं सगळंच कच्चं राहतं. सरांनी तुम्हाला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या होत्या, मागच्या पायाची टाच उचललेली ठेवा आणि नजर खाली नेऊ नका. सुरुवातीला या दोन चुका सगळ्यांच्याच होतात. पण टाच टेकली की वजन मागच्या पायावर बसतं, तो पाय उचलण्याआधी वजन हलवावं लागतं आणि तेवढ्यात समोरच्याला तुमची किक कळलेली असते. उजवा पाय मागे गेला की उजवा हात चेहऱ्यासमोर आलाच पाहिजे. हे विचार न करता व्हायला लागेपर्यंत आम्ही पुढे सरकत नाही. तालमीत तरी नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव कुठे शिकवतात?

हा क्रम आमच्या मनाचा नाही. ब्राझीलमध्ये 1890च्या दंडसंहितेने कपोएरा खेळणं गुन्हा ठरवलं होतं, दोन ते सहा महिने कैद होती. तो कायदा कागदावर असतानाच मेस्त्रे (म्हणजे गुरू) बिंबांनी 1932 साली बाहिया राज्यातल्या साल्वादोरमध्ये शाळा काढली. 1937 मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. हे बिंबा नव्या विद्यार्थ्याचे दोन्ही हात स्वतःच्या हातात धरून त्याला आधी जिंगा शिकवायचे. त्यानंतर जोडीने करायच्या आठ मालिका, ज्यात प्रत्येक हल्ल्यासोबत त्याचा बचावही शिकायचा. इतका लढाऊ माणूस जिंगापासूनच सुरुवात करायचा, तर आम्ही ती का टाळावी?

आता टाळ्या आणि गाणी. होदा म्हणजे कपोएराचं रिंगण, त्यात दोघे बेरिंबावच्या पायाशी बसून खेळ सुरू करतात. बेरिंबाव म्हणजे लाकडी धनुष्य, पोलादी तार आणि खाली बांधलेला भोपळा. रिंगणातल्या बेरिंबावांपैकी सर्वांत खर्जातला, गुंगा, खेळ किती वेगाने आणि किती जवळून खेळायचा ते ठरवतो. तोच दोघांना परत बोलावतो. इथे किक अंगाला लागण्याआधी आवरायची असते आणि समोरच्याने तिच्याखालून निसटायचं असतं, दोघेही सतत हलत असताना. वाद्याने थांबवलेलं एकाला ऐकू आलं आणि दुसऱ्याला नाही, तर टाच सरळ तोंडावर बसते. कानाला ताल ओळखायची सवय टाळ्यांनीच लागते. गाण्यात एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उचलायची. रिंगण गप्प असलं की आतला खेळ लगेच मरगळतो, हे कुठल्याही होदात दिसेल. आणि ही गाणी ज्यांनी गुलामगिरीत ही विद्या जपली त्या लोकांची आहेत. ती गाळून नुसत्या किका शिकवणं आम्हाला पटत नाही, आम्ही ते करणार नाही.

बॅकफ्लिपबद्दल: कपोएरा खेळायला ती लागत नाही. मनगटं आणि खांदे तयार नसताना कुणी कितीही आग्रह केला तरी आम्ही ती करू देणार नाही. आधी आऊ, म्हणजे आपली कार्टव्हील, तीही जमिनीलगत आणि समोरच्यावरची नजर न काढता.

तुम्हाला महिन्याभरात रस्त्यावर उपयोगी पडेल असं स्वसंरक्षण हवं असेल, तर कपोएरा त्यासाठी नाही. डेमो क्लासमध्ये आम्ही हे प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही सांगितलं होतं.

फी परत करता येणार नाही, प्रवेश अर्जावर तसं लिहिलेलं आहे. पण चौथ्या आठवड्याचे तुमचे क्लास शिल्लक आहेत, ते पुढच्या बॅचमध्ये घेता येतील. पहिली किक, मेया लुआ जी फ्रेंची, त्याच आठवड्यात सुरू होते: पाय बाहेरून आत अर्धवर्तुळात फिरवायचा आणि पुन्हा जिंगात यायचं. त्याआधी एखाद्या शनिवारी संध्याकाळी होदा पाहायला या, त्याला पैसे नाहीत. तुमच्याच बॅचमधले काही जण आता आत उतरायला लागलेत. यायचं ठरलं की आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे नवीन बॅचच्या यादीत तुमचं नाव घालून ठेवतो.

आपला,
क्लासचालक