डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळल्यानं सेंट्रिफ्युगल पंपाची मोटर जळत नाही

पंप चालवणाऱ्यांमध्ये एक संदेश सतत फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर असाच असतो: “सेंट्रिफ्युगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह कधीही आवळू नका, प्रेशर वाढलं की मोटरवर लोड येतो आणि वायंडिंग जळतं. पाणी कमी करायचंच असेल तर सक्शनचा व्हॉल्व्ह आवळा. डिलिव्हरी कायम पूर्ण उघडी ठेवा, पंप मोकळा चालतो. व्हॉल्व्ह बंद करायचा तर झटक्यात बंद करा. आणि व्हीएफडी लावलात तर पाणी निम्मं केल्यावर वीज आठव्या हिश्शावर येते.”

सेंट्रिफ्युगल पंप म्हणजे आतलं पात्यांचं चाक फिरवून पाणी बाहेर फेकणारा पंप. त्याची पाणी आत घेणारी बाजू सक्शन, बाहेर सोडणारी डिलिव्हरी, आणि व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण. वरच्या संदेशातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही. सक्शनचा सल्ला तर चांगला पंप हातानं मोडणारा आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“प्रेशर वाढलं की मोटरवर लोड येतो”

गेजचा काटा वर चढला म्हणजे मोटरचं काम वाढलं, असं वाटणं साहजिक आहे. पण शाफ्टला लागणारी पॉवर एकट्या प्रेशरवर ठरत नाही. ती प्रवाह आणि हेड (पंपाचा दाब पाण्याच्या उंचीत, मीटरमध्ये मोजलेला) यांच्या गुणाकारावर ठरते. पाण्यासाठी हिशेब सोपा आहे: प्रवाह (घनमीटर/तास) गुणिले हेड (मीटर), त्याला ३६७ नं भागायचं आणि मग कार्यक्षमतेनं भागायचं. उत्तर किलोवॉटमध्ये येतं.

हिशेबासाठी एक पंप धरू. वेग २९०० आरपीएम, मोटर ७.५ किलोवॉटची, शून्य प्रवाहाला हेड ५० मीटर. सर्वोत्तम कार्यक्षमतेचा बिंदू, म्हणजे बीईपी, ४८ घनमीटर/तास आणि ४० मीटरवर. आता तीन अवस्था पाहा:

- बीईपीवर: ४८ घनमीटर/तास, ४० मीटर, कार्यक्षमता ७२ टक्के. पॉवर ७.३ किलोवॉट.
- व्हॉल्व्ह आवळून: ३० घनमीटर/तास, ४६ मीटर, कार्यक्षमता ६२ टक्के. पॉवर ६.१ किलोवॉट.
- पाइपलाइनचा विरोध कमी होऊन: ७० घनमीटर/तास, २९ मीटर, कार्यक्षमता ६६ टक्के. पॉवर ८.४ किलोवॉट.

व्हॉल्व्ह आवळल्यावर हेड १५ टक्क्यांनी वाढलं, पण प्रवाह ३७ टक्क्यांहून जास्त घटला. कार्यक्षमता उतरूनही मोटरचा भार कमीच झाला. इम्पेलर, म्हणजे पंपातलं पात्यांचं चाक, पाण्याला फिरकी देतो. शाफ्टवरचा टॉर्क दर सेकंदाला किती किलो पाणी त्यातून जातं आणि बाहेर पडताना त्या पाण्याची फिरकी किती, यावर अवलंबून असतो. मागे वळलेल्या पात्यांच्या इम्पेलरमध्ये प्रवाह घटला की फिरकी थोडी वाढते, म्हणून हेड चढतं. पण पाण्याचं वस्तुमान त्याहून जोरात घटतं. प्रवाह पूर्ण थांबला तरी पॉवर शून्य होत नाही. इम्पेलरच्या तबकड्यांचं घर्षण आणि आतल्या आत पाणी घुसळणं यात अशा पंपाची बीईपीच्या साधारण निम्मी पॉवर जाते.

हे आपल्या पंपावर ताडून पाहता येतं. पंप चालू असताना क्लॅम्प मीटर लावा, व्हॉल्व्ह हळूहळू आवळत जा आणि अँपिअर टिपा. आकडा उतरताना दिसेल. तो पॉवरइतका उतरत नाही, कारण मोटरचा चुंबकन करंट तसाच राहतो आणि पॉवर फॅक्टर पडतो. खरा उतार पाहायचा तर वॉटमीटर लावावा.

म्हणूनच असे पंप डिलिव्हरी बंद किंवा जेमतेम उघडी ठेवून सुरू करतात. सक्शन पूर्ण उघडा, प्रायमिंग करून (पंप पाण्यानं भरून) केसिंगमधली, म्हणजे पंपाच्या कवचातली, हवा काढा, पंप सुरू करा, गेज स्थिर झाला की अर्ध्या ते एक मिनिटात व्हॉल्व्ह उघडत न्या. मोटर हलकी उठते आणि रिकाम्या पाइपात पाणी धडकत नाही.

“सक्शनचा व्हॉल्व्ह आवळा”

हे कधीही करू नये. वरच्याच पंपाला टाकीपर्यंतची उंची २५ मीटर आणि ४८ घनमीटर/तासाला पाइपातलं घर्षण १५ मीटर आहे असं धरा. प्रवाह ३० वर आणला की घर्षण सुमारे ६ मीटर उरतं, म्हणजे पाइपलाइन फक्त ३१ मीटर मागते. पंप मात्र ४६ देतो. मधले १५ मीटर व्हॉल्व्हनंच खायला हवेत.

हे १५ मीटर सक्शनच्या बाजूनं आणायचे कुठून? समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याच्या १०.३ मीटर उंचीइतका असतो. ३० अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब ०.४ मीटर. पंप पाण्याच्या पातळीहून ४ मीटर वर बसवला असेल आणि सक्शन पाइपात अर्धा-एक मीटर घर्षण असेल, तर पंपाच्या तोंडाशी जेमतेम पाच-साडेपाच मीटर शिल्लक राहतात. यालाच उपलब्ध एनपीएसएच म्हणतात. त्यातून १५ मीटर खाता येतच नाहीत. म्हणजे सक्शन आवळून पाणी कमी होतं ते नियंत्रणामुळे नाही. पाणी इम्पेलरच्या तोंडाशी उकळतं, वाफेचे बुडबुडे वाट अडवतात आणि पंपाचं हेड कोसळतं, म्हणून ते कमी होतं.

हे बुडबुडे पात्यांवर पुढे जास्त दाबात गेले की फुटतात. खडी फिरत असल्यासारखा आवाज येतो, पात्यांच्या सुरुवातीच्या भागाला खड्डे पडतात, कंपनानं सील आणि बेअरिंग जातात. कॅटलॉगमधला आवश्यक एनपीएसएचचा आकडाही सुरक्षित रेषा समजू नये. तो सहसा हेड ३ टक्क्यांनी पडल्यावर मोजलेला असतो, म्हणजे तिथे कॅव्हिटेशन (बुडबुडे होऊन फुटणं) आधीच चालू असतं. उपलब्ध आकडा त्याहून किमान अर्धा ते एक मीटर जास्त ठेवावा. मोठ्या किंवा वेगवान पंपांना आणखी जास्त.

सक्शनचा व्हॉल्व्ह फक्त दुरुस्तीच्या वेळी पंप वेगळा काढण्यासाठी असतो. तो पूर्ण उघडा ठेवून चाक साखळीनं बांधून टाकावं. गेट व्हॉल्व्ह असेल तर स्पिंडल आडवं बसवावं, म्हणजे बॉनेटमध्ये (व्हॉल्व्हच्या टोपणात) हवा साचत नाही. सक्शनला लिफ्ट असेल तर पंपाजवळच्या विकेंद्री रिड्यूसरची (पाइपाचा व्यास कमी करणाऱ्या, एका बाजूनं सपाट जोडाची) सपाट बाजू वर असावी, तीही याच कारणानं.

“कायम पूर्ण उघडी ठेवा, पंप मोकळा चालतो”

वरच्या यादीतली तिसरी ओळ पुन्हा वाचा. ७.५ किलोवॉटच्या मोटरवर ८.४ किलोवॉट भार, म्हणजे १२ टक्के जास्त. रिकामी पाइपलाइन भरताना, पंपाजवळ पाइप फुटल्यावर किंवा उंच टाकीसाठी घेतलेल्या पंपाचं पाणी खालच्या टाकीत सोडल्यावर नेमकं हेच होतं. सेंट्रिफ्युगल पंपाची मोटर ओव्हरलोड होते ती बहुतेकदा हेड कमी पडल्यानं. रिले (जास्त भार आला की मोटर बंद करणारा) ट्रिप झाला की लोक व्हॉल्व्ह आणखी उघडतात आणि रिले पुन्हा ट्रिप होतो. तिथे व्हॉल्व्ह आवळणं हाच तात्पुरता इलाज आहे. पक्का इलाज म्हणजे इम्पेलर खराद करून व्यास कमी करणं.

प्रवाह बीईपीच्या पुढे गेला की आवश्यक एनपीएसएचही वाढत जातो, म्हणून जास्त उघड्या व्हॉल्व्हवरही खडीचा आवाज येतो. बहुपायरी सबमर्सिबलमध्ये (एकावर एक अनेक इम्पेलर असलेल्या, पाण्यात बुडवलेल्या पंपात) आणखी एक त्रास असतो. फार कमी हेडवर चालवला की इम्पेलर वर उचलले जातात आणि वरच्या वॉशरवर घासून झिजतात.

एपीआय ६१० या पंपांच्या मानकात बीईपीच्या ७० ते १२० टक्के हा चालवण्याचा पसंतीचा पट्टा दिला आहे. आपल्या उदाहरणात तो ३४ ते ५८ घनमीटर/तास होतो. म्हणजे ३० वर आणलेला प्रवाह अधूनमधून चालेल, कायमचा नको. मोटर सुखात असली तरी कमी प्रवाहाला व्होल्यूटमधला (इम्पेलरभोवतीच्या कवचातला) दाब चारही बाजूंनी सारखा राहत नाही, शाफ्ट एका अंगाला दाबला जातो आणि सील लवकर गळू लागतं.

पूर्ण बंद व्हॉल्व्हवर पंप चालता ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि संदेशाच्या भीतीत खरं काही असेल तर ते इथे. साडेतीन किलोवॉट ५ लिटर पाण्यात मुरत राहिले तर तापमान मिनिटाला सुमारे १० अंशांनी चढतं. केसिंगचं लोखंड थोडी उष्णता शोषतं, तरी दहाएक मिनिटांत पाणी उकळीला येऊ शकतं. मेकॅनिकल सीलच्या दोन चकत्यांमधली पाण्याची पातळ फिल्म वाफ होऊन उडते, चकत्या कोरड्या घासतात आणि तडकतात. डिलिव्हरी बंद राहण्याची शक्यता असेल तर किमान प्रवाहाची बायपास लाइन ठेवावी, आणि ती सक्शन पाइपात न जोडता टाकीत सोडावी. नाहीतर तेच गरम पाणी पुन्हा पंपात येतं.

“झटक्यात बंद करा”

पोलादी पाइपात दाबाची लहर सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगानं धावते, ११०० धरू. पाणी सेकंदाला १.५ मीटरनं वाहत असताना एकदम अडवलं तर दाब सुमारे १६८ मीटरनं चढतो, म्हणजे साडेसोळा बार, आणि तोही आधीच्या दाबावर. हे समीकरण झुकोव्स्कीनं १८९८ साली मांडलं. पाइप ६०० मीटर लांब असेल तर लहर जाऊन परत यायला १.१ सेकंद लागतो. त्याआधी बंद केलेला व्हॉल्व्ह पूर्ण धक्का देतोच. पीव्हीसीत लहर बरीच हळू धावते, धक्का कमी बसतो, पण पाइपही तितकाच नाजूक असतो.

गेट व्हॉल्व्हचं चाक बराच वेळ फिरवलं तरी प्रवाह फारसा घटत नाही. जवळजवळ सगळी घट शेवटच्या फेऱ्यांत होते. त्यामुळे शेवटचे फेरे सर्वांत सावकाश द्यायचे.

“पाणी निम्मं, वीज आठव्या हिश्शावर”

व्हीएफडी फायद्याचा आहे, हे निःसंशय. व्हॉल्व्ह आवळून किलोवॉट कमी होतात, पण दर घनमीटरला लागणारी वीज ०.१५ युनिटवरून ०.२० वर जाते. पाणी रोज कमीच लागत असेल तर व्हॉल्व्ह हे महागडं उत्तर आहे.

पण घनाचा नियम (प्रवाह निम्मा तर पॉवर निम्म्याचा घन, म्हणजे आठवा हिस्सा) फक्त घर्षणावर चालणाऱ्या, उंची नसलेल्या पाइपलाइनला लागू पडतो. आपल्या २५ मीटर उंचीच्या टाकीला ३० घनमीटर/तास पाणी द्यायचं तर वेग सुमारे २४२० आरपीएम ठेवावा लागतो आणि पॉवर ३.८ किलोवॉटच्या आसपास येते. आंधळेपणानं प्रवाहाचा घन केला असता तर १.८ निघाले असते. व्हॉल्व्हच्या ६.१ पेक्षा ३.८ कितीतरी बरे, फक्त हिशेब खरा मांडावा. आणखी एक: २०५० आरपीएमच्या खाली हा पंप २५ मीटर हेडच देऊ शकत नाही. एनआरव्ही (पाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह) मिटलेला राहतो, मोटर फिरत राहते आणि पंप बंद व्हॉल्व्हवर चालल्यासारखा तापतो. व्हीएफडीत किमान वेग याच्या वर बांधून ठेवणं बहुतेक ठिकाणी राहून जातं.

कोणता व्हॉल्व्ह आवळायचा

गेट व्हॉल्व्ह नाही. अर्धवट उघडी पाचर प्रवाहात थडथडते आणि सीट झिजते, मग तो कधीच नीट बंद होत नाही. ग्लोब व्हॉल्व्ह योग्य. बटरफ्लाय साधारण ३० ते ७० अंशांच्या दरम्यान चालतो. आकार केव्हीवरून ठरतो. केव्ही म्हणजे १ बार दाबफरकाला तासाला किती घनमीटर पाणी जातं. इथे १५ मीटर, म्हणजे दीड बार खाऊन ३० घनमीटर जायचे, म्हणून केव्ही सुमारे २५ हवा.

मग मोटरी जळतात त्या कशानं?

कारण प्रत्येक पंप सेंट्रिफ्युगल नसतो, आणि सगळे सेंट्रिफ्युगल सारखे नसतात. गिअर, स्क्रू आणि प्लंजर पंपांत व्हॉल्व्ह आवळला तरी प्रवाह जवळपास तेवढाच राहतो, दाब मोटर थांबेपर्यंत किंवा काहीतरी फुटेपर्यंत चढतो. त्यांना रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. छोटे पेरिफेरल पंप बाहेरून सेंट्रिफ्युगलसारखेच दिसतात, पण आतल्या इम्पेलरच्या कडेला दोन्ही बाजूंनी बारीक खाचा असतात. त्यांची पॉवर बंद व्हॉल्व्हवरच सर्वांत जास्त असते. अक्षीय प्रवाहाचे प्रोपेलर पंपही तसेच, म्हणून ते उघड्या व्हॉल्व्हवर सुरू करतात. मिश्र प्रवाहाच्या पंपांत पॉवरची रेषा बरीचशी सपाट राहते.

सबमर्सिबलची मोटर मात्र वेगळ्या कारणानं जाते. तिला थंड ठेवतं ते तिच्या अंगावरून वाहणारं पाणी, आणि त्याचा वेग सेकंदाला साधारण ८ ते १६ सेंटीमीटर तरी लागतो. जास्त आवळलं की भार घटतो, पण गारवाही जातो. रुंद विहिरीत पाणी वरूनच थेट पंपाच्या जाळीकडे वळतं, त्यामुळे पूर्ण उघड्या व्हॉल्व्हवरही मोटर तापते. तिथे मोटरभोवती नळीचं आवरण बसवतात. ते जाळीच्या वर बंद आणि मोटरच्या खाली उघडं ठेवायचं, म्हणजे सगळं पाणी मोटरला घासूनच वर येतं.