पहिला कोण, ते आधी नीट बघा

आज १५ एप्रिल. इकडे अमेरिकेत आज मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगचा, झाडून प्रत्येक खेळाडू ४२ नंबरचा शर्ट घालतो, जॅकी रॉबिन्सनच्या नावाने. चांगलंच आहे. पण सकाळपासून आमच्या मराठी ग्रुपवर तेच ते फॉरवर्ड फिरतंय, 'मेजर लीगचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू', आणि माझं डोकं फिरलंय. बाबांनो, निदान ओहायोत राहून तरी हे लिहू नका!

रॉबिन्सन मेजर लीगमध्ये आला १९४७ ला. त्याच्या ६३ वर्षं आधी, १८८४ साली, आपल्या इथल्याच टोलीडोकडून मोझेस फ्लीटवुड वॉकर खेळला. जन्म ओहायोतला, शिक्षण ओबर्लिन कॉलेजात, वर्णाने काळा आणि कामाने कॅचर. टोलीडोचा संघ तेव्हा अमेरिकन असोसिएशनमध्ये होता आणि ती लीग मेजरच धरतात. सामने किती खेळला? ४२. योगायोग बघा.

(हो, १८७९ मध्ये प्रॉव्हिडन्सकडून विल्यम व्हाइट एक सामना खेळला, त्याची आई गुलाम होती, ठाऊक आहे मला. पण तो गोरा म्हणून वावरला. वॉकरला ती सोय नव्हती.)

कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, फक्त हाल जास्त. त्या काळी तर विचारूच नका. पिचर, म्हणजे आपला बोलर, आजच्यासारखा साडेसाठ फुटांवर नाही, ५० फुटांवर. आणि कॅचरच्या हातात पातळ चामड्याचा मोजा, तोही असला तर. नाहीतर नुसते हात.

मी कॉलेजात कीपिंग करायचो, जुन्या मंडळींना आठवत असेल. आमचा एक लेगस्पिनर होता, बड्या घरचा. गुगली टाकायच्या आधी तो शर्टाची बाही वर सारणार, असं ठरलेलं. दुसरा कीपर असला की सारायचा. मागे मी असलो की नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. मी एकीकडे, चेंडू दुसरीकडे, चार बाय. आणि शिव्या कीपरला.

आता टोलीडोचं ऐका. मुख्य पिचर टोनी मलेन, त्या मोसमात ३६ सामने जिंकलेला. बेसबॉलमध्ये कुठला चेंडू टाकायचा याची खूण कॅचर करतो. वॉकरने केलेली खूण मलेन पाळायचाच नाही, मनाला येईल ते टाकायचा. काळ्या माणसाचं ऐकायचं म्हणजे काय! शेवटी वॉकरने त्याला सुनावलं की खुणांशिवाय झेलेन, पण मी खूण केल्यावर तू भलतंच टाकणार असशील तर झेलणार नाही. आणि मग मोसमभर खुणांशिवाय झेललं. ५० फुटांवरून काय येतंय याचा पत्ता नसताना! हे १९१९ मध्ये मलेनने स्वतः सांगितलंय. वर म्हणाला, इतका चांगला कॅचर मला दुसरा मिळाला नाही.

कबूल तरी केलं, तेवढं त्याच्या पदरात टाकू. आमचा लेगस्पिनर परवा रियुनियनला भेटला तर म्हणे, "तुझ्या हातून बाय फार जायच्या रे." माझी करंगळी अजून वाकडी आहे, साहेब.

आणि तो कॅप अ‍ॅन्सन! शिकागोचा कर्णधार, त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू. १८८३ च्या ऑगस्टमध्ये टोलीडोला प्रदर्शनी सामन्याला आला आणि अडून बसला, वॉकर मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही. गंमत म्हणजे हात दुखावल्यामुळे वॉकर त्या दिवशी खेळणारच नव्हता. मॅनेजर चार्ली मॉर्टन पेटला, त्याने मुद्दाम वॉकरला आउटफिल्डमध्ये उभं केलं आणि कळवलं, खेळायचं नसेल तर गेटच्या पैशातला वाटा विसरा. अ‍ॅन्सन मुकाट्याने खेळला. मॉर्टनसारखा एक माणूस आमच्या कॉलेजात असता तर!

पण मॉर्टन सगळीकडे कुठून आणणार? पुढच्याच वर्षी रिचमंडहून त्यालाच धमकीचं पत्र आलं, वॉकरला आणलंत तर ७५ जण तयार आहेत. तोवर वॉकरची बरगडी मोडली होती, आणि टोलीडोने त्याला सोडलंच. १८८७ मध्ये तो नेवार्ककडून जॉर्ज स्टोव्ही या काळ्याच पिचरला झेलायचा. त्या जोडीने एकमेकांच्या खुणा पाळल्या असतील, असं मला उगाच वाटतं, आणि बरं वाटतं. त्या जुलैत अ‍ॅन्सन पुन्हा अडून बसला. या वेळी त्याचं चाललं. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या, म्हणजे नेवार्क ज्या लीगमध्ये होता तिच्या, मालकांनी ठराव केला, यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार नाहीत. वॉकर १८८९ पर्यंत सिरॅक्यूजकडून खेळला आणि संपलं.

पुढचं आयुष्य सरळ नव्हतं, तेही सांगतो. सिरॅक्यूजमध्ये भांडणात त्याच्या हातून एक माणूस मेला, ज्युरीने निर्दोष सोडलं. टपालाच्या चोरीत मात्र तुरुंगात गेला. पेटंटं घेतली, ओहायोत थिएटर चालवलं. १९०८ मध्ये पुस्तक लिहिलं, की काळ्यांनी आफ्रिकेला परत जावं हेच बरं. कॉलेजात शिकलेला, गोऱ्यांच्या संघांत गोऱ्यांसाठी बोटं मोडून घेतलेला माणूस हे लिहितो. वाचून मला त्याचा राग नाही आला.

राग येतो तो कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमचा, जिथे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या पाट्या लावतात. अ‍ॅन्सन १९३९ पासून तिथे मिरवतोय, वॉकर नाही. अ‍ॅन्सनने धावा भरपूर काढल्या म्हणे. काढल्या असतील. उन्हाळ्यात कूपर्सटाउनला जाणाऱ्यांनो, त्याच्या पाटीशेजारी फोटो काढून मला टॅग करू नका.