उन्हाळी स्की सराव शिबिराबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय वाचला. ‘स्कीइंगचं शिबिर म्हणून पैसे घेतले आणि पोरीला डांबरी रस्त्यावर चाकं लावून पळवलं, बर्फाला पाय लागला नाही, डोंगरच चढायचा होता तर आपला पन्हाळा काय वाईट होता’ असं तुम्ही लिहिलंय. मनालीजवळच्या हामटा खिंडीच्या वाटेवरून सगळ्यांना माघारी आणलं, हीही तक्रार आहे. बाकीचे पालकही इथं वाचतात, म्हणून सगळ्यांसमोरच उत्तर देतो.

हे शिबिर क्रॉस-कंट्री स्कीइंगचं होतं. उतारावरून वेगात खाली येण्याचा खेळ वेगळा. यात चढ, सपाटी, उतार सगळं स्वतःच्या ताकदीवर कापायचं असतं. बूट फक्त पुढच्या टोकाला स्कीत अडकवलेला असतो, टाच मोकळी. ऑलिंपिकमधली सर्वांत लांब शर्यत 50 किलोमीटरची आहे. एवढा दम बर्फ पडल्यावर तयार करू म्हटलं तर होत नाही. जत्रेच्या फडात उतरणाऱ्या पैलवानामागं पावसाळाभर तालमीत मारलेल्या जोर-बैठका असतात, तसा या खेळाडूमागं उन्हाळा असतो. ट्रॉन्डहाइमच्या 2025 च्या जागतिक स्पर्धेत सहाच्या सहा सुवर्णपदकं जिंकणारा नॉर्वेचा योहानेस क्लेबोसुद्धा उन्हाळ्यात रोलर स्कीवरच घाम गाळतो.

ती ‘चाकं’ म्हणजे हीच रोलर स्की. बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंग तेच, बूट तेच, काठ्यांना फक्त डांबरावर टिकणारं कडक टोक. बहुतेक रोलर स्कींना ब्रेक नसतो, म्हणून आम्ही मुलांना चढावरच चालवतो आणि खाली गाडीनं आणतो. तुमच्या लेकीचे खांदे दुखले, हे तुम्ही काळजीनं लिहिलंय. ते डबल पोलिंगमुळं. दोन्ही काठ्या एकदम रोवून पोट, पाठ आणि दंडांच्या जोरावर शरीर पुढं ढकलायचं. धावणाऱ्या मुलीचे पाय तयार असतात, वरचं अंग नसतं. ते दुखणं मी रोज विचारत होतो, आणि शेवटी शेवटी तिची लय कशी बसली तेही मी पाहिलंय. तिच्यात हा खेळ आहे, दादा. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

आता पन्हाळ्याचं. पन्हाळा ते पावनखिंड आम्हीही दरवर्षी चालतो, त्याच्यासारखा सराव नाही. पण कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर, आणि आपलं शिबिर झालं ते हिमाचलच्या लाहौलमधलं सिस्सू 3,100 मीटरच्या आसपास. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास 30 टक्क्यांनी कमी. भारतात स्की शर्यती होतात त्या गुलमर्ग, औलीसारख्या उंच जागी, म्हणून विरळ हवेत शरीर कसं वागतं हे आधी कळायला हवं. 2020 साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून माणूस तास-दीड तासात सिस्सूला पोचतो. शरीर मात्र इतक्या लवकर पोचत नाही. सुरुवातीला ‘नुसतं चालवलं’ ते याच कारणानं. बोलता येईल इतक्याच गतीनं चाला, असं मी मुलांना सारखं सांगत होतो. अव्वल खेळाडूंच्या वर्षभराच्या सरावाचाही बहुतांश भाग अशाच हलक्या गतीचा असतो.

रोहतांगला जूनमध्येही बर्फाचे पट्टे सापडतात. तिथं नेऊन फोटो काढून दिले असते तर कदाचित हा अभिप्राय आला नसता. पण त्या मऊ पडलेल्या, गर्दीनं तुडवलेल्या बर्फात क्रॉस-कंट्रीचा ट्रॅक नसतो. तिथं मुलगी काही शिकली नसती, म्हणून नेलं नाही आणि पुढंही नेणार नाही. माहितीपत्रकात ‘उन्हाळी सराव, बर्फाविना’ असं पहिल्याच ओळीत आहे. आणि हिवाळ्यातल्या बर्फाचाही आता भरवसा राहिलेला नाही. 2025 मध्ये गुलमर्गची खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून पुढं ढकलावी लागली होती.

हामटाबद्दल माझं मत ठाम आहे. तिथले ओढे वितळत्या बर्फाचे. सकाळी पोटरीभर असलेलं पाणी दुपारी ओलांडता येत नाही. त्यात रात्रभर पाऊस झालेला. वाटाड्यानं पाणी बघून नको म्हटलं, मी मुलांना माघारी वळवलं. त्याऐवजी चंद्रा नदीच्या काठानं दिवसभराची मोठी चाल झाली. तुमची मुलगी त्या दिवशी फार खट्टू झाली होती, आणि तिचं खट्टू होणं मला मान्य आहे.

कर्नाटकातल्या कोडगूच्या भवानी थेक्कडा या कॉफीच्या मुलखातून येऊन भारतासाठी क्रॉस-कंट्री स्कीइंग करतात. बर्फ नसलेल्या गावातून हे होऊ शकतं, यावर माझा विश्वास आहे आणि त्यासाठीच हा व्यवसाय सुरू केला.

शुल्क परत करता येणार नाही, कारण जे सांगितलं ते सगळं शिकवलंय. पण दर रविवारी सकाळी सहाला आमचा रोलर स्कीचा सराव असतो आणि शिबिर केलेल्या मुलांना त्याचे पैसे नसतात. तुम्हीही तिच्यासोबत या. हेल्मेट आणि हातमोजे तेवढे घरून आणा, स्की आणि काठ्या आमच्याकडं आहेत.