निळ्या बेडरूमबद्दल: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'निळा रंग मन शांत करतो' हे माझं वाक्य वाचून तुम्ही बेडरूमच्या चारही भिंती निळ्या केल्यात आणि आता खोली गार, उदास आणि आधीपेक्षा लहान वाटते. 'रंग आणि मूडचं हे सगळं थोतांड आहे, लोकांना खर्चात पाडू नका,' असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला भुर्दंडही पडला आणि मनस्तापही झाला, याचं खरंच वाईट वाटतं. ते वाक्य इतकं मोघम लिहायला नको होतं. लेखातून काढून टाकलं आहे.

थोतांड या क्षेत्रात आहे, हे कबूल. १९७९ साली सिएटलच्या नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवली, कैदी निवळले असं जाहीर झालं आणि बघता बघता इतर ठिकाणच्या कोठड्याही गुलाबी झाल्या. पुढे काटेकोर तुलना करून पाहिल्यावर तो परिणाम काही सापडला नाही. अमुक रंग म्हणजे अमुक भावना, हे समीकरणच कच्चं आहे. व्हाल्डेझ आणि मेहराबियन या संशोधकांनी १९९४ साली केलेल्या अभ्यासात रंग कोणता यापेक्षा तो किती उजळ आणि किती भडक, याचा भावनांवर जास्त परिणाम दिसला. म्हणजे फिका आकाशी आणि गडद चिंतामणी हे दोन्ही 'निळे' असले, तरी खोलीत त्यांची वागणूक अगदी वेगळी असते.

तुमची खिडकी उत्तरेला आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. थेट ऊन जवळजवळ नाही, येतो तो आभाळाचा निळसर उजेड. तो निळ्या भिंतीवर पडतो, तिथून समोरच्या निळ्या भिंतीवर जातो, आणि अशा प्रत्येक उडीत बाकीचे रंग गळत जाऊन निळा तेवढा दाट होतो. म्हणून शेडकार्डावर नाजूक वाटलेली छटा चार भिंतींवर अंगावर येते. रात्री उलट होतं. केल्विन हे दिव्याच्या उजेडाच्या छटेचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात निळा उजेड मुळातच कमी, त्यामुळे भिंतीकडून परत येण्यासारखं फारसं काही उरत नाही. 'पिवळा दिवा लावला की भिंत राखेसारखी दिसते' हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्यात डोळ्याचा किंवा मनाचा काही दोष नाही.

शेडकार्डही फसवतं. पॅरिसच्या गोब्लँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा पुरेसा गडद नाही अशी तक्रार आली होती. रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी तपासलं, तर रंगाई चोख होती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. १८३९ साली त्यांनी यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. कार्डावरची पट्टी पांढऱ्या कागदाच्या शेजारी असते, तुमची भिंत दुसऱ्या निळ्या भिंतीच्या शेजारी.

म्हणून आता मी भिंतीला हात लावण्याआधी दोन फुटी हार्डबोर्डवर रंगाचे दोन हात मारते आणि तो कोपऱ्यात उभा करते. कोपऱ्यातच, कारण तिथे उजेड सर्वांत कमी असतो. सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहते. मागच्या वेळी मला फार आवडलेला राखाडी रंग संध्याकाळी सातला चक्क जांभळा निघाला. तिथेच रद्द केला.

तुम्ही पुन्हा सगळी खोली रंगवू नका. आधी दिवा बदला, ४००० केल्विनच्या आसपासचा लावा. तेवढ्याने भागलं नाही, तर फक्त खिडकीसमोरची भिंत किंचित पिवळसर झाक असलेल्या पांढऱ्या रंगाने करून घ्या. खोलीतला बराचसा उजेड ती परत फेकते. डब्यावर किंवा कार्डामागे एलआरव्ही (रंग किती उजेड परत फेकतो याचा आकडा) दिला असेल तर तो बघा: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. अशा अंधाऱ्या खोलीसाठी मी ७० च्या खाली जाणार नाही. पलंगामागची भिंत निळीच राहू द्या, आणि उरलेल्या दोन भिंतींचं आठवडाभर त्या खोलीत झोपून मगच ठरवा.