वीस वर्षांचे दोन राजे

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. १९८७ पासून पाळतात. आमच्या लेस्टरच्या लायब्ररीत तेव्हा क्रिमियन युद्धातली परिचारिका मेरी सीकोल, फुटबॉलपटू आणि लष्करी अधिकारी वॉल्टर टल यांचे फोटो लागतात आणि दरवर्षीचा वाद नव्याने पेटतो: या लोकांवर मालिका, सिनेमे का निघत नाहीत? २०२१ मध्ये आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलिन हिची भूमिका एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली, तेव्हाही बरंच रण माजलं होतं. काहींना तो इतिहासाचा अपमान वाटला, काहींना न्याय. मला दोन्ही पटलं नाही. गोऱ्या राणीचे कपडे उसने कशाला घ्यायचे? पाटण्याचा दीन महंमद आहे ना. १८१० साली त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं, ते बुडाल्यावर ब्रायटनला हमाम चालवला आणि दोन राजांना मालिश केलं. १८९२ मध्ये अवघ्या पाच मतांनी पार्लमेंटात गेलेले दादाभाई आहेत. मताचा हक्क नाही तर करही नाही, असं सरकारला सुनावणारी पंजाबच्या शेवटच्या महाराजांची, दुलीपसिंगांची, लेक सोफिया आहे. यांच्यासाठी कुणाला रंग बदलून उभं करावं लागत नाही.

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. भावाच्या कृपेने मीही त्यात आहे. तिथेही ऐतिहासिक सिनेमांवर रोज हमरीतुमरी चालते, फक्त प्रश्न वेगळा असतो. २०२५ च्या जानेवारीत संभाजी महाराजांच्या सिनेमातलं लेझीम नको म्हणून ओरड झाली आणि तो प्रसंग निघाला. एप्रिलमध्ये फुल्यांवरचा सिनेमा आक्षेपांमुळे दोन आठवडे पुढे गेला. काय कापायचं आणि कुणी माफी मागायची, यावर ग्रुप रात्री दोनपर्यंत जागा. कोण राहून गेलंय, असं मात्र मी तिथे कुणाला विचारताना पाहिलेलं नाही. म्हणून मीच विचारलं, आणि कोल्हापूरच्याच दोन राजांची नावं टाकली. पहिलं नाव राजाराम महाराजांचं. त्यावर उत्तर आलं, "म्हणजे शाहू महाराजांचे चिरंजीव ना?"

नव्हे. हे आधीचे राजाराम. ज्यांच्या नावाने राजाराम कॉलेज आहे, ते. जन्म १८५०. दत्तक जाऊन १८६६ साली गादीवर आले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानणाऱ्या काळात, १८७० च्या उन्हाळ्यात ते बोटीने इंग्लंडला गेले. बरोबर आपली माणसं होती आणि सरकारने नेमलेला कॅप्टन वेस्टही होता. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत होते. परतताना युरोपात फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं, त्यामुळे फ्रान्स टाळून बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया असं करत ते इटलीत उतरले. वाटेत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये गेले. वय वर्षं वीस.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. अशा शहरात एका हिंदू राजाचं दहन करायचं म्हणजे काय, याचा तिथल्या अधिकाऱ्यांना पत्ताच नव्हता. धावपळ करून परवानगी मिळवली आणि आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर रात्री चिता रचली गेली. आज तिथे छत्री आहे, छत्रीखाली फेटा बांधलेला रंगीत अर्धपुतळा. १८७४ चं काम. रचना मेजर मँटची, म्हणजे ज्याने आपला नवा राजवाडा बांधला तोच. शेजारून जाणाऱ्या मोठ्या पुलाचं नावही या 'इंडियन' माणसावरूनच आहे. मी गेले तेव्हा छत्रीपाशी लोक कुत्री फिरवत होते आणि एक आजोबा सायकलची चेन बसवत होते. पंचगंगेच्या घाटावर असंच असतं, त्यामुळे परकं काही वाटलं नाही.

आता इथला, म्हणजे ब्रिटनमधला, एखादा निर्माता ही गोष्ट घेईल तर काय करेल, तेही मला दिसतं. व्हिक्टोरियाचा हिंदुस्थानी मुनशी अब्दुल करीम याच्यावर २०१७ मध्ये सिनेमा आला तेव्हा पाहिलंच की. हिंदुस्थानी माणसाची गोष्ट म्हणून बसलो आणि निघाली राणीचीच. तसंच इथे राजाराम महाराज दागिने घालून विंडसरला जातील, राणी प्रसन्न हसेल, मागे सतार वाजेल. (कोल्हापूरचा राजा असला तरी सतारच वाजते.) त्यांची रोजनिशी १८७२ मध्ये लंडनला छापली गेली, आणि तिचं संपादन केलं कॅप्टन वेस्टनेच. ज्याच्या नजरेखाली पोरगा वावरत होता त्यानेच त्याची वही चाळून जगापुढे ठेवली. सिनेमा खरं तर इथे सुरू होतो. वेस्टसमोर महाराज काय लिहीत होते आणि आपल्या माणसांशी मराठीत काय बोलत होते, या दोहोंतलं अंतर लिहायला लेखक मराठीच लागेल.

दुसरं नाव चौथ्या शिवाजींचं. राजारामांच्या मागे दत्तक घेतलेलं हे लेकरू. मोठे होत गेले तसं सरकारी अहवालांत त्यांना वेड लागल्याचं येऊ लागलं. इकडे 'केसरी' आणि 'मराठा' लिहू लागले की महाराजांचा छळ चाललाय आणि त्यात दिवाण बर्व्यांचा हात आहे. बर्व्यांच्या नावावर छापलेली पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ साली अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची सजा झाली. त्यातले एकशे एक दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. खटल्यात जामिनाला पैसे नव्हते, तेव्हा जोतीरावांच्या सांगण्यावरून सत्यशोधक रामशेठ उरवणे यांनी दहा हजारांची व्यवस्था केली. सुटून आल्यावर सत्कारातही सत्यशोधक पुढे होते.

हे ग्रुपवर टाकलं आणि प्रथमच शांतता पसरली. कारण आपल्या कुठल्याच गटाला हा प्रसंग सोयीचा नाही. टिळकांसाठी फुले पैसे उभे करतायत! मराठा राजासाठी दोन ब्राह्मण संपादक तुरुंगात जातायत, पण ज्या पत्रांच्या जोरावर लढले ती खोटी आहेत. ज्याच्यावर आरोप केला तो दिवाणही ब्राह्मणच. आणि महाराज? ते खरंच आजारी होते, की छळानं तसे झाले, की दोन्ही? अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांना नजरकैदेत ठेवलं होतं. २५ डिसेंबर १८८३ ला पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या सोजिराशी झटापट झाली आणि त्यातच ते गेले. वय पुन्हा वीस. काही महिन्यांत कागलकर घाटग्यांच्या घरातला मुलगा दत्तक आला आणि शाहू झाला. त्यापुढचं सगळ्यांना पाठ आहे.

भावाने मला वेगळा मेसेज केला: "ताई, राजाला वेडा दाखवला तर थिएटर शिल्लक ठेवतील का?" त्याची भीती खोटी नाही. सेन्सॉरच्या आधी दहा संघटनांना खेळ दाखवावा लागतो. मला इथे बसून बोलायला सोपं आहे, निर्मात्याचं घर गहाण असतं. तरीही मला वाटतं की भावना दुखावण्याच्या भीतीने आपण फक्त जिंकलेली, तलवार उपसलेली माणसं पडद्यावर आणतो आणि अडकलेली, गोंधळलेली, कोवळी माणसं सरकारी गॅझेटियरच्या भरवशावर सोडून देतो. त्या गॅझेटियरमध्ये चौथे शिवाजी वेडे आहेत. बाजू मांडली नाही म्हणून अपमान टळला, असं तर झालेलं नाही.

'असलं कोण बघणार' हेही ग्रुपवर आलं. कोल्हापूरकरांनी तरी हे म्हणू नये. सगळे देवादिकांचे चित्रपट काढत होते तेव्हा, १९२५ मध्ये, बाबूराव पेंटरांनी आपल्याच गावात सावकाराने बुडवलेल्या शेतकऱ्याची गोष्ट पडद्यावर आणली. 'सावकारी पाश'. त्यात तो तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. बाबूरावांनी तर कॅमेरासुद्धा स्वतः जुळवला होता. आपल्याकडे आता चित्रनगरी आहे, मँटचा राजवाडा शाबूत आहे, नगरचा किल्ला आहे, आणि रोजनिशीचे हक्क संपून जमाना झाला.

कुणी घेतलंच मनावर तर माझी एकच अट. दोन्ही राजांसाठी खरोखर विशीतली, नाटकातून आलेली कोरी पोरं घ्या. पस्तिशी उलटलेला, सहा महिने जिम करून आलेला हिरो आणलात तर ग्रुपवर पहिला आक्षेप माझा असेल.