‘लोकगीतांना कर्ता नसतो’ म्हणे!

गेले काही दिवस एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: खरी लोकगीतं कुणी रचलेली नसतात, ती मातीतून उगवतात, हजारो वर्षं एक शब्दही न बदलता चालत आली, मुळात निरागस होती, त्यांना शृंगाराचा रंग सिनेमाने फासला, आणि रेडिओ-सिनेमा आल्यावर ती मेली. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असेल, पण मजकूर पहिल्या ओळीपासून घसरतो.

मातीतून ज्वारी उगवते. गाणं कुणाला तरी सुचावं लागतं. अफझलखानवधाचा पोवाडा अज्ञानदासाचा, हे आपल्याला माहीत आहे कारण शाहीर कवनात स्वतःचं नाव गुंफायचे. होनाजी, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर यांच्या लावण्यांतही ती सही सापडते. आणि ‘मी डोलकर’? लग्नाच्या मांडवात ते पिढीजात कोळीगीत समजून नाचतात. शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. पन्नास-साठ वर्षांत लोक नावं विसरले, गाणं मात्र आपलं करून बसले. ‘निनावी’ म्हणतात त्यातली किती गाणी याच वाटेने गेली असतील!

‘शब्दही न बदलता’ हा दावा तर जात्यापुढे बसलेल्या कुठल्याही आजीने हसून उडवला असता. ओवी जुनी आहे, यात वाद नाही. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असं चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात बाराव्या शतकातच आलंय. पण जुना तो साचा. दोघी समोरासमोर बसतात, खुंट्याला दोघींचे हात, एक ओळ टाकते, दुसरी ती उचलते. मध्येच मूठभर दाणे जात्याच्या तोंडात. ओवीत भावाचं, लेकाचं, गावाचं नाव येतं तिथे प्रत्येक जण आपापलं नाव घालते. ‘पहिली माझी ओवी’ सगळ्यांची सारखी, पुढची जिची तिची. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात राम-सीता आहेत तसे बाबासाहेब आंबेडकरही आहेत. आता ही भर काढून टाकायची का, शुद्धतेसाठी?

साचा टिकतो त्याचं कारणही साधं, कामाचं आहे. पोवाड्यात झीलकरी, म्हणजे शाहिरामागे सूर धरणारे साथीदार, ‘जी जी रं जी’ लांबवतात तेवढ्यात शाहिराला दम घेता येतो, पुढचं कडवं आठवता येतं. वही लागत नाही.

निरागसपणाबद्दल फार बोलायला नको. पेशवाईतल्या लावण्या वाचा, मग सिनेमाला दोष द्या. गंमत अशी की ज्या होनाजीने त्या शृंगारिक लावण्या केल्या, त्याच्याच नावावर ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी आहे. घरोघरी ती पोचली १९५१ च्या ‘अमर भूपाळी’मुळे, वसंत देसाईंच्या संगीतात. म्हणजे इथे सिनेमाने मारलं नाही, उलट जगवलं.

सगळा दोष सिनेमाचा नाही, असं म्हटलं की लगेच ‘मग ओव्या का थांबल्या?’ असा प्रश्न येतो. कारण दळण पिठाच्या गिरणीत गेलं. पहाटे उठून पायलीभर ज्वारी दळण्यातून बाईची सुटका झाली, आणि जात्याबरोबर गाण्याची ती वेळही गेली. ते कष्ट गेले म्हणून हळहळायला मला तरी जमत नाही. हळदीच्या दिवशी मात्र अजूनही कितीतरी घरांत माळ्यावरचं जातं खाली उतरतं, खुंट्याला सुपारी-हळकुंड बांधतात, आणि पहिली ओळ कोण टाकणार म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघत राहतात.